नाजूक हस्ताक्षरी मुद्राक्षर : त्याचे वळण आणि त्याचे स्थान
(पनवेल तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी मला नेमून दिलेला विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा विषय लग्नपत्रिका छापणाऱ्यांचा. प्राथमिक शाळेच्या गुरुजींना आणि बाईंना त्याचे काय प्रयोजन? पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ही शंका रास्त ठरली असती. त्या काळी शिक्षकाच्या हाती खडू, फळा आणि फार तर रंगाची कुंचली असे. छापील अक्षर बाहेरून, म्हणजे पुस्तकातून येत असे, आणि त्याची निवड दुसऱ्याच कोणी केलेली असे. आज आपल्या शाळेच्या कपाटात संगणक आहे, खिशात भ्रमणध्वनी आहे, बाजारपेठेच्या गावी छायाप्रतीचे यंत्र आहे. वाचनाची चिठ्ठी, स्वाध्यायाचे पान, पालकांना सूचना, स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका, गुणगौरवाचे प्रमाणपत्र हे सारे आपण स्वतः जुळवितो आणि छापतो. म्हणजे शिक्षक न कळत मुद्रक झाला आहे; आणि मुद्रकाला जे निर्णय घ्यावे लागतात ते त्यालाही घ्यावे लागतात. त्यांतील पहिला निर्णय अक्षराच्या रूपाचा.

संगणकावर ज्याला ‘फाँट’ म्हणतात त्याला मी येथे मुद्राक्षर म्हणणार आहे. यादी उघडली की त्यात शेकडो मुद्राक्षरे दिसतात, आणि त्यांपैकी एका जातीकडे हात फार लवकर जातो. ती जात म्हणजे हाताने लिहिल्यासारखे दिसणारे, बारीक रेघेचे, किंचित कललेले, शेपट्या लांबविलेले नाजूक अक्षर. ते छापील अक्षरासारखे कोरडे वाटत नाही. कोणी जिव्हाळ्याने पत्र लिहावे तसे ते दिसते, म्हणून ते आवडते, आणि त्या आवडीत काही वावगे नाही. मात्र हे अक्षर कोठून आले, त्याच्या अंगी काय गुण आहेत आणि वर्गात त्याने काय अपाय होतो, हे आपण जाणून असावे. माझे सांगणे एवढ्यापुरतेच आहे.

प्रथम रेघेविषयी. आपल्या बाळबोध अक्षराला जाड-बारीक रेघ मिळाली ती बोरूमुळे. बोरूचे टोक सरळ न कापता तिरके कापतात. देवनागरीसाठी ते असे कापतात की, टोकाची धार कागदावर टेकली असता तिचे वरचे टोक डावीकडे आणि खालचे उजवीकडे राहते. इंग्रजी अक्षरांसाठी हा काप बरोबर उलटा असतो. धार अशी तिरकी धरली की उभी रेघ आणि आडवी रेघ साधारण सारख्याच जाडीच्या उमटतात. म्हणून आपला काना आणि आपली शिरोरेषा एकमेकांना तोलून धरतात. वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ सर्वांत जाड उमटते, आणि वरून डावीकडून खाली उजवीकडे जाणारी केसासारखी बारीक. ‘र’ लिहून पाहावा. वरचा बाक उतरताना भरदार होतो आणि गाठीपासून खाली जाणारा पाय बारीक निघतो. ही जाडी जोर दिल्याने येत नाही, धारेच्या दिशेने येते. बोरू हाती नसेल तर दोन पेन्सिली रबरी कड्याने जोडून त्याच तिरकस धरणीने लिहावे. दोन रेघांमधील अंतर कोठे रुंदावते आणि कोठे मिटते ते मुलांनाही क्षणात दिसेल.

नाजूक मुद्राक्षरांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात रेघ सर्वत्र सारखीच बारीक असते. तो बॉलपेनचा वारसा होय. बॉलपेनच्या टोकाला धार नसते, तेव्हा जाड-बारीक हा भेदच संपतो. दुसऱ्या वर्गात रेघ कोठे अगदी तंतूसारखी तर कोठे फुगीर असते. तो पाश्चात्त्य टोकदार लवचिक निबेचा वारसा. त्या निबेवर दाब दिला की ती फाकते आणि रेघ जाड होते, दाब काढला की बारीक होते. इंग्रजीत त्या वळणाची सुंदर परंपरा आहे. देवनागरीत दाबाच्या लेखनाची अशी परंपरा नाही, म्हणून त्या पद्धतीने घडविलेल्या मराठी अक्षरांत जाडी कित्येकदा भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. अक्षर दिसते देखणे, परंतु ओळखीचे वाटत नाही. डोळा अडखळतो, आणि का अडखळतो हे वाचणाऱ्याला सांगता येत नाही.

आता कोणी विचारील की, आपल्या भाषेला स्वतःचे असे धावते, सलग, हाताचे अक्षर नव्हते काय? होते, आणि ते शतकानुशतके होते. त्याचे नाव मोडी. आपल्या पूर्वजांनी दोन कामांसाठी दोन लिप्या ठेवल्या होत्या. पोथी-पुराण बाळबोधीत लिहावे, कारण ते सावकाश वाचायचे असते. हिशेब, पत्रे, सनदा, दप्तर मोडीत लिहावे, कारण तेथे वेग हवा असतो. मोडी लिहिणारा प्रथम कागदावर डावीकडून उजवीकडे पुरी रेघ ओढतो आणि मग त्या रेघेला अक्षरे लटकवीत जातो. पुष्कळ अक्षरे अशी वळविलेली असतात की ती लिहून संपताना हात पुन्हा रेघेजवळ येतो आणि टोक न उचलता पुढच्या अक्षराला लागतो. इंग्रजी धावत्या लिपीत अक्षरे पायाशी जोडलेली असतात. मोडीत ती डोक्याशी जोडलेली असतात. वेगासाठी तिने किंमतही मोजली. शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. वाचणारा सरावलेला कारकून असे, म्हणून ते चालले.

मोडीतही वळणांची घराणी होती. शिवकालात बाळाजी आवजी चिटणीसांच्या वळणाला चिटणिसी म्हणत. पेशवाईत बिवलकरी, रानडी अशी नावे रूढ झाली. विल्यम कॅरी ह्यांनी श्रीरामपूरला १८१० मध्ये मराठीचा कोश छापला तो मोडीच्या खिळ्यांनी. पुढे १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारातून मोडी काढून बाळबोध स्वीकारली. त्यानंतरही काही दशके शाळांतून मोडी शिकविली जात होती. आपल्यापैकी काहींच्या आजोबांना ती येत असेल. २०१४ मध्ये मोडीला युनिकोड ह्या जागतिक संकेतप्रणालीत स्थान मिळाले, त्यामुळे ती संगणकावरही लिहिता येऊ लागली.

हा इतिहास मी सांगितला तो एका कारणासाठी. कोणत्या लेखनासाठी कोणते अक्षर, हा विवेक मराठी माणसाला नवा नाही. समर्थ रामदासांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. त्यात अक्षर वाटोळे, मोकळे आणि काळेभोर असावे, ओळी सरळ जाव्यात, आरंभापासून अखेरपर्यंत ग्रंथ एकाच हातचा दिसावा, भोवती समास सोडावा म्हणजे कडेचा कागद झडला तरी मजकूर शाबूत राहील, अशा सूचना आहेत. त्यांतील एक सूचना आजच्या विषयासाठी मोलाची आहे. तरुणपणी लिहिलेले बारीक अक्षर म्हातारपणी उपयोगाचे राहत नाही, म्हणून ते मध्यम आकाराचे काढावे, असा तिचा आशय आहे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांचा नव्हे, वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार येथे केलेला आहे. पालकसभेची सूचना बारीक रेघेच्या अक्षरात छापून पाठवितो तेव्हा ती वाचणारी आजी कोणत्या डोळ्यांनी वाचणार आहे, हा विचार आपणही करावयास हवा.

छपाई आली तेव्हा हाताचे अक्षर लगेच गेले नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते शिळाछापावर. म्हणजे कोणा लेखकाच्या हातचे अक्षर दगडावरून कागदावर उतरले. पुढे खिळ्यांची छपाई स्थिरावली. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याच्या ठशांनी मराठी व संस्कृत ग्रंथांना जे रूप दिले ते कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत बसले. परंतु शिशाच्या खिळ्यांना एक मर्यादा होती. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून देवनागरीचे खिळे काही शेकड्यांत जात. त्यात प्रत्येक अक्षराला शेजारच्या अक्षराप्रमाणे निराळी शेपटी देणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून खिळ्याचे अक्षर ताठ राहिले आणि लवचिकपणा फलक रंगविणाऱ्यांच्या, पत्रिका लिहिणाऱ्यांच्या हाती राहिला.

संगणकाने ही मर्यादा काढून टाकली. ह्या कामात ज्यांचे नाव आदराने घ्यावे ते प्राध्यापक र. कृ. जोशी (१९३६–२००८). ते कवी होते, सुलेखनकार होते, पवईच्या तंत्रशास्त्र संस्थेत शिक्षक होते. विंडोज संगणकांवर वर्षानुवर्षे आपण जे ‘मंगल’ अक्षर पाहत आलो ते त्यांनी घडविलेले. सॉफ्टवेअर तंत्रज्ञानाच्या ज्या राष्ट्रीय केंद्रात त्यांनी उत्तरायुष्यात भारतीय लिप्यांवर काम केले ते केंद्र पुढे सी-डॅक संस्थेत विलीन झाले, आणि त्या संस्थेची एक वास्तू येथून जवळच, खारघर स्थानकासमोर उभी आहे. रोज लोकलने जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे! नवी मुंबईचा दुसरा संबंध सुलेखनकार अच्युत पालव ह्यांचा. तरुणपणी मोडीचा अभ्यास करून मोडीची वळणे आणि देवनागरीची बैठक ह्यांच्या मेळातून त्यांनी मुक्त वळणाचे अक्षर सिद्ध केले. नवी मुंबईत ते सुलेखनाचे विद्यालय चालवितात. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. अक्षरासाठी पद्म पुरस्कार मिळतो, ही गोष्ट वर्गात मुलांना आवर्जून सांगण्याजोगी आहे.

हाताच्या वळणाची, विनामूल्य मिळणारी मुद्राक्षरेही आता आहेत. ‘कलम’ हे त्यांपैकी एक. ते इंडियन टाइप फाउंड्री ह्या संस्थेने घडविले आणि २०१४ पासून ते सर्वांना खुले आहे. हलके, मध्यम आणि ठळक अशा तीन वजनांत ते मिळते. माझा अनुभव असा की, आपल्या कामासाठी त्याचे मध्यम वजन पुरते. हलके वजन पडद्यावर मोहक दिसते आणि छायाप्रतीत विरून जाते.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. वर्गात ह्या अक्षराने काय होते?

एका शाळेत मी दुसरीच्या वर्गात बसलो होतो. बाईंनी हौसेने वाचनाचे पान तयार करून आणले होते. कडेला वेलबुट्टी, मध्ये सुंदर बारीक हस्ताक्षरी मजकूर. एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली. ती ‘घर’ ह्या शब्दाला ‘धर’ म्हणाली, आणि पुढच्या ओळीत ‘भाजी’ला ‘माजी’ म्हणून थांबली. शब्दाला अर्थ नाही हे तिला कळत होते; ती पानाकडे आणि बाईंकडे आळीपाळीने पाहत होती. बाईंनी तिच्या नावापुढे ‘सराव हवा’ अशी खूण केली. मी ते पान मागून घेतले आणि खिडकीशी नेऊन पाहिले. त्या मुद्राक्षरात शिरोरेषा तुटक होती, काही अक्षरांवर ती नव्हतीच. मुलीने वाचले ते पानावर दिसत होते तसेच वाचले होते.

येथे थोडे थांबू या, कारण हा प्रकार समजून घेण्याजोगा आहे. ‘घ’ आणि ‘ध’ ह्यांत फरक कोणता? ‘घ’च्या डोक्यावर रेघ सलग जाते, ‘ध’च्या डाव्या अंगाला ती खंडित असते आणि तेथे लहानसा आकडा असतो. ‘म’ आणि ‘भ’ ह्यांचेही तेच. ‘य’ आणि ‘थ’ ह्यांचेही तेच. म्हणजे शिरोरेषा हा देवनागरीत केवळ शृंगार नाही. ती कोठे आहे आणि कोठे नाही ह्यावर अक्षराची ओळख ठरते. घाईच्या हस्ताक्षरात आपण मोठी माणसे शिरोरेषा सोडून देतो आणि तरीही वाचतो, कारण आपण अक्षर वाचीत नाही, शब्दाचा आकार आणि वाक्याचा अर्थ वाचतो. गुजरातीने शिरोरेषा सोडली, तेव्हा तिच्या वाचकांना अक्षरांच्या अंगातील भेदांवरच भिस्त ठेवावी लागली. तेथेही ‘घ’ आणि ‘ध’ ही जोडी नवशिक्याला चकविते. दुसरीतील मूल अजून अर्थाच्या आधाराने उडी मारायला शिकलेले नसते. ते एकेक अक्षर चाचपीत जाते. त्याच्या हातातील काठीच आपण बारीक करून दिली तर ते अडखळणारच.

शिरोरेषेखेरीज आणखीही जागा आहेत. ‘ख’चे दोन भाग सुटे पडले की तो ‘रव’ होतो. ‘ष’मधील आडवी तिरपी रेघ बारीक पडली की ‘प’ उरतो. अनुस्वाराचा टिंब छायाप्रतीत निघून गेला की ‘अंगण’चे ‘अगण’ होते, आणि ‘शेंडी’ची ‘शेडी’ होते. अंकांत १ आणि ९ ह्यांच्या शेपट्या लांबविल्या की दोन्ही एकाच घरचे वाटतात. हे सर्व दोष एकाच पानावर एकत्र आले, तर ते वाचन होत नाही, कोडे होते. आणि आपण त्या पानावर मुलाचे मूल्यमापन करतो! एका मिनिटात किती शब्द वाचले हे आपण आता घड्याळ लावून मोजतो, ‘निपुण’च्या नोंदीत तो आकडा जातो, त्या आकड्यावर मूल मागे आहे की पुढे हे ठरते. अक्षराच्या निवडीमुळे कमी भरलेला आकडा मुलाच्या नावावर लिहिला जावा, ही साधी गोष्ट नव्हे. म्हणून पहिली ते तिसरीच्या वाचनाच्या कोणत्याही पानावर नाजूक हस्ताक्षरी मुद्राक्षर वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे शिरोरेषा अखंड, अक्षराच्या पोटातील जागा मोकळी, आणि आकार बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाशी ताडून घेतलेला असावा.

यावर कोणी म्हणेल, मुलाला हस्ताक्षराची गोडी लागावी म्हणून हस्ताक्षरी वळण दाखविले तर बिघडले कोठे? गोडी लागावी हे खरे. परंतु यंत्रातील हस्ताक्षर हे हस्ताक्षराचे चित्र असते; त्यात हात कोठून निघाला, कोठे वळला, कोठे थांबला हे दिसत नाही. मुलाला ते दिसते तुमच्या-माझ्या फळ्यावर. आपल्याकडे ‘ग म भ न’ ह्या क्रमाने अक्षरे शिकविण्याची जुनी रीत आहे. ‘ग’चा काना, त्यातून ‘म’, ‘म’तून ‘भ’, मग ‘न’, असे एका वळणातून दुसरे वळण निघते. हा क्रम वर्णमालेचा नसून हाताचा आहे. फळ्यावर खडू फिरत असताना मूल अक्षराबरोबर त्याची वाटचालही पाहते. छापील कित्ता कितीही सुंदर असला तरी गुरुजींनी पाटीवर काढून दिलेल्या एका अक्षराची जागा त्याने भरून निघत नाही. शाळांतील भिंती हल्ली छापील फलकांनी भरून गेल्या आहेत आणि फळा मात्र कोरा राहतो, हे पाहून मला वाईट वाटते. महिन्यातून एक फलक तरी शिक्षकाने आपल्या हाताने लिहावा. अक्षर मोत्यासारखे नसले तरी चालेल.

मग ह्या नाजूक अक्षराला शाळेत जागाच नाही काय? आहे, आणि ती मानाची आहे. जेथे शब्द थोडे, आकार मोठा, वाचणारा सरावलेला आणि प्रसंग आनंदाचा, तेथे ते शोभते. स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवरील शीर्षक, निवृत्त होणाऱ्या शिक्षकाच्या मानपत्राची पहिली ओळ, मुलांच्या हस्तलिखित मासिकाचे मुखपृष्ठ, प्रमाणपत्रावरील ‘अभिनंदन’ हा शब्द, ह्या त्याच्या जागा. त्याच प्रमाणपत्रावर मुलाचे नाव, इयत्ता आणि दिनांक मात्र साध्या, स्वच्छ अक्षरात असावेत. कागद पांढरा किंवा फिकट असावा. नक्षीदार पार्श्वभूमीवर बारीक रेघ बुडून जाते, आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर छापले तर शाई आत पसरून रेघच बुजते. साध्या अक्षरापेक्षा हे अक्षर निम्म्याने तरी मोठे घ्यावे. एका पानावर एकच हस्ताक्षरी वळण असावे. तीन तीन वळणे एकत्र आली की मंडपातील तोरणांची गर्दी होते.

मुद्राक्षर निवडण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. पुष्कळ मुद्राक्षरे हिंदी डोळ्यासमोर ठेवून घडविलेली असतात, आणि मराठीच्या गरजा त्यांच्या ध्यानी नसतात. सर्वांत महत्त्वाची गरज ‘ऱ्य’ची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. शिक्षकदिनाच्या पत्रिकेवर ‘आचार्यांना सप्रेम निमंत्रण’ असे लिहायचे असता मुद्राक्षराने घोटाळा केला तर निमंत्रण आचाऱ्यांना जाईल. तेही यावेत, जेवणाची व्यवस्था चांगली होईल, परंतु तो आपला हेतू नव्हता! तेव्हा ‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’ हे शब्द लिहून पाहावेत. ‘बाळ’मधील ‘ळ’ नीट उमटतो का, ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आहेत का, ‘वाङ्मय’, ‘उद्धव’, ‘विठ्ठल’, ‘हृदय’, ‘ज्ञानेश्वर’ ह्यांतील जोडाक्षरे तुटतात का, हे पाहावे. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवून दिली आहे. तीत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हीच मराठीची रूपे मानली आहेत. ‘लाल शाल’ एवढे दोन शब्द लिहिले तरी मुद्राक्षराची ही परीक्षा होते. काही मुद्राक्षरांत मराठी रूपे आतच दडलेली असतात. मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी अशी निवडली की ती प्रकट होतात. आधी हा उपाय करून पाहावा, मगच मुद्राक्षराला नावे ठेवावीत.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. बाजारातील जुन्या मराठी प्रणालींत सुंदर सुलेखन-मुद्राक्षरे आहेत, पण त्यांपैकी पुष्कळ युनिकोडमध्ये नाहीत. अशा मुद्राक्षरात लिहिलेला मजकूर केंद्रशाळेकडे पाठविला आणि तेथील संगणकावर तेच मुद्राक्षर नसले, तर तेथे निरर्थक चिन्हांची रांग उमटते. म्हणून मूळ मजकूर नेहमी युनिकोडमध्ये ठेवावा. शोभेचे शीर्षक हवे असल्यास ते चित्र करून वर बसवावे. मजकूर पाठविण्यापूर्वी त्याची एक छायाप्रत काढून ती हातभर अंतरावर धरावी. शिरोरेषा आणि अनुस्वार दिसत असतील तर पुढे जावे, नाही तर अक्षर बदलावे. शाळेतील एखाद्या चौथीच्या मुलाला ती वाचायला द्यावी, हे तर त्याहून उत्तम.

माझे बोलणे येथे संपले. आता हात चालवायचे आहेत. बाहेरच्या ओसरीवर बांबूच्या काड्या, चाकू, दौती आणि रद्दी कागद मांडून ठेवले आहेत. बोरू कापताना धार स्वतःपासून दूर न्यावी आणि काप देवनागरीचा, म्हणजे मघाशी सांगितला तसा असावा. ज्यांना कापणे जमणार नाही त्यांच्यासाठी दोन-दोन पेन्सिली बांधून ठेवल्या आहेत. प्रत्येकाने प्रथम केवळ ‘घ’ आणि ‘ध’ ह्या दोन अक्षरांची एकेक ओळ काढावी, कागद शेजारच्याला द्यावा आणि त्याने ती मोठ्याने वाचावी.